चोवीस अंकांची आई

सलग अकराव्या दिवशी आकडा चोवीसच आला, तेव्हा वैजयंताने टॅब ओट्यावर पालथा ठेवला आणि कपातला चहा मोरीत ओतून दिला. चहा ओतून देणारी बाई ती नव्हे. वीस वर्षं आशाताई म्हणून वाड्यावस्त्या तुडवल्या, आणि आता दोन हजार त्रेचाळीस साली ‘पालकसाथी’ म्हणून त्याच वाड्यावस्त्या तुडवत होती. चहाशिवाय तिचं पाऊल घराबाहेर पडत नसे. अजून तीन दिवस होते. पहिले दोन महिने थकव्याची सूट; त्यानंतर सलग चौदा दिवस आकडा पंचविसाच्या आत राहिला, की बाळाला आईजवळून उचलून तालुक्याच्या शिशुघरात न्यायचं, नव्वद दिवसांसाठी. त्या कागदावर दोन सह्या लागत. एक डॉक्टरांची आणि दुसरी वैजयंताची.

हा आकडा म्हणजे जवळीक अंक. ज्यांच्या घरी गेल्या पाच वर्षांत पाळणा हलला त्यांना तो ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगायला हवं. बारशाच्या दिवशी, मामाने आणलेल्या चांदीच्या वाळ्यांच्या आधी, बाळाच्या डाव्या पायात सरकारी वाळा पडतो. करडा, मऊ, रबरी. त्याला दोन कान असतात म्हणा ना. बाहेरचा कान घरातली बोलणी ऐकतो, आणि आतला कातडीला चिकटून बाळाची नाडी ऐकतो. दोन्हीचा हिशेब घालून रोज सकाळी शंभरपैकी एक आकडा टॅबवर येतो.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. कुठलीही आई बाळाशी बोलायला लागली की तिचा आवाज आपोआप चढतो, स्वर लांबतात, ती मध्येच थांबते आणि बाळाच्या हुंकाराची वाट बघते. हे कुणी कुणाला शिकवत नाही. बाळंतपणानंतर जिच्या मनात काळोख दाटतो, तिचं नेमकं हेच आधी जातं. आवाज सपाट होतो. बाळ रडलं तर उत्तर द्यायला उशीर होऊ लागतो, आधी दोन सेकंद, मग चार, मग दहा. सासू म्हणते, सुनेला माजच फार. नवऱ्याला तर काहीच कळत नाही. वाळ्याला कळतं. चाळीस हजार घरांतले आवाज ऐकून तो शिकलेला आहे.

वैजयंताचा या वाळ्यावर जीव होता, आणि त्याला कारण होतं. चौदा वर्षांपूर्वी, वाळा नव्हता तेव्हा, कविता ढोणे नावाची एक बाळंतीण तिच्या यादीत होती. हसतमुख, टापटीप. वैजयंता रोज जायची, वजन घ्यायची, कविताच्या हातचा चहा प्यायची आणि वहीत ‘सर्व ठीक’ लिहायची. सोळाव्या दिवशी कविताने लेकराला पोटाशी बांधून विहीर गाठली. त्या वहीचं ते पान वैजयंताने अजून फाडलेलं नाही. वाळा आल्यापासून तिच्या बारा वाड्यांत एकही विहीर झाली नव्हती. आकडा घसरला की ती पोचायची, डॉक्टर पोचायचे, आई सावरायची. म्हणून वाळा काही म्हणाला आणि आपल्याला उलट दिसलं, तर आपले डोळे फसवे, असं तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं.

आणि आता प्रांजल शिर्केच्या बाबतीत डोळे एक सांगत होते, आणि वाळा दुसरंच.

आंबळेखिंडीच्या माळावर पवनचक्क्यांच्या रांगेखाली शिर्क्यांचं घर. नवरा ओमकार त्याच पवनचक्क्यांवर चढून दुरुस्ती करायचा. वैजयंता पोचली तेव्हा प्रांजल भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होती. बाळाकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती. ‘‘गिळ मेल्या, गिळ. माझ्या जिवाला लागलाय नुसता,’’ असं अगदी सपाट आवाजात चाललं होतं. पायातला वाळा ते सगळं ऐकत होता.

ही प्रांजल अडाणी नव्हती, चांगली केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. पहिला मुलगा आठव्या दिवशी गेला. दुसरा मात्र असा गुटगुटीत झाला, की बघणाऱ्याने बघत राहावं. वैजयंतानेच हौसेने त्याला सुदृढ बालक स्पर्धेत नेला होता. पहिला आला. स्टेजवर वैजयंताने स्वतः त्याच्या झबल्याला रिबिनीचं फूल लावलं, चारशे बायकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. त्यानंतर सहा दिवसांत तो मेंदूज्वराने गेला, चार महिने आणि अकरा दिवसांचा होऊन. मेंदूज्वर जंतूमुळे होतो, टाळ्यांमुळे नाही, हे वैजयंता दहा जणांना समजावून सांगू शकत होती. एकटी असली की मात्र तिला ते फूल आठवायचं.

म्हणून तिसऱ्या वेळी घराने जुनी वाट धरली. पाचव्या दिवशी बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या हिराबाईने ठरल्याप्रमाणे ते उचललं, आणि ‘मला उकिरड्यात सापडलं, तुला नको असलं तरी सांभाळ’ म्हणून प्रांजलच्या ओटीत टाकलं. मुलगा असून नाक टोचलं. गावात सगळीकडे रियांश आणि अद्वैत नांदत असताना याचं नाव ठेवलं दगडू. आणि प्रांजलने मनाशी पण केला, की उष्टावण होईपर्यंत याला गोड शब्दाने हाक मारायची नाही, याच्याकडे डोळे भरून बघायचं नाही. कारण सगळ्यांत आधी दृष्ट लागते ती आईची.

वैजयंता तिच्याजवळ बसली आणि तीन दिवसांची गोष्ट सांगितली. सासू, शालनवैनी, दळण निवडता निवडता थांबल्या. त्यांनी विचारलं, नेतील म्हणजे पोलीस येतील का. वैजयंता म्हणाली, पोलीस नाही, गाडी येईल, नर्सबाई असेल, तिथे छान ठेवतात. बोलताना तिचं तिलाच ते खरं वाटेना. मग ती प्रांजलच्या कानाशी लागून म्हणाली, की तीन दिवस फक्त वाळ्यापुरतं बोल. माझं सोनं म्हण, बाळा म्हण. मनात काही का असेना. आकडा वर जाईल, विषय संपेल.

प्रांजलने बाळाला खांद्यावर घेतलं, तोंड मात्र वळवलं नाही.

‘‘ताई, मेंदूज्वर मलाही माहीत आहे. जंतूचं नावसुद्धा सांगते. लस दिलीय, टोपडं घालते, पाणी उकळते, शास्त्राचं सगळं करते. पण दोन वेळा मी शास्त्राच्या भरवशावर उभी होते, आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने घरी आले. या वेळी मी काहीच सोडणार नाही, हेही नाही आणि तेही नाही.’’

‘‘पण नेतील गं त्याला.’’

‘‘नेऊ देत. नेलेलं परत येतं,’’ प्रांजल म्हणाली. ‘‘मी त्याला सोनं म्हटलं तर वाळा ऐकेल, तसं आणखी कुणी ऐकेल.’’

वैजयंताने बाळाचं वजन घेतलं. पावणेसहा किलो, उत्तम. ‘छान’ हा शब्द तिच्या ओठांवर आला आणि शालनवैनींनी अशा नजरेने बघितलं, की तिने तो तसाच गिळला. दारात ओमकार भेटला. कामाचा पट्टा कमरेला तसाच होता. त्याने खालच्या आवाजात सांगितलं, की प्रांजल झोपते कधी तेच कळत नाही, बाळाने कूस बदलली तरी ती उठून बसलेली असते. हे कागदात कुठे लिहिता येतं का, असं त्याने विचारलं. वैजयंताने सांगितलं, की कागदात फक्त आकडा येतो.

तालुक्याला डॉक्टर मृण्मयी देव बसायच्या. तिशीतल्या, हुशार, कामाला वाघ, आणि वैजयंताला नेहमी ‘ताई’ म्हणणाऱ्या. त्यांनी आलेख उघडून दाखवला. प्रांजलची रेघ जमिनीला टेकलेली. चढउतार नाही, लांबलेले स्वर नाहीत, वर शिव्यांचे लाल ठिपके. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की त्यांच्या उभ्या नोकरीत इतकी सपाट रेघ त्यांनी दोनदाच बघितली, आणि दोन्ही बायका जीव द्यायला निघाल्या होत्या. वैजयंताने उकिरड्याची हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, की ताई, कविता ढोणेही तुम्हाला ठीकच वाटली होती ना?

हे तोंडात मारल्यासारखं बसलं. वैजयंताने पिशवी उचलली. उठायलाही निघाली. मग खुर्चीच्या पाठीला धरून तिने विचारलं,

‘‘मॅडम, ही रेघ तिची झाली. त्याची कुठाय?’’

बाळाची रेघ कुणी बघतच नसे. जवळीक अंकाचे चार वाटे धरले तर तीन आईच्या आवाजाचे आणि एकच बाळाच्या नाडीचा, कारण पहिल्या महिन्यांत बाळाच्या अंगात सतत काहीतरी चालू असतं. गॅस, उचकी, लसीचा ताप, त्याच्या नाडीवर भरवसा ठेवणार कसा? डॉक्टरांनी तरी उघडली. दोन्ही रेघा एकाखाली एक ठेवल्या. आणि मग त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

दगडू रडायला लागला की त्याची नाडी एकशेसाठच्या पुढे जाई. मग वरच्या रेघेवर लाल ठिपका उमटे, म्हणजे आई त्याला ‘मेल्या’ म्हणाली, की खालची रेघ उतरायला लागे. एकशेचाळीस. एकशेतीस. एकशेवीस. ठोक्यांमधली अंतरं अशी मोकळी, सैल होत, जशी पोटभर पिऊन आईच्या कुशीत झोपलेल्या बाळाची होतात. एकदा नाही, अडीच महिन्यांत शेकडो वेळा. आणि रडण्याच्या पहिल्या आवाजापासून त्या शिवीपर्यंत किती वेळ? डॉक्टरांनी मोजला. पाऊण सेकंद; शिवीला यंत्र उत्तर धरत नसे, म्हणून हे आकड्यात आलंच नव्हतं. दिवसा पाऊण, पहाटेही पाऊणच. त्यांनी यंत्राला फक्त बाळाच्या बाजूने अंक काढायला लावला. एक्क्याण्णव आला. तालुक्यात त्याच्या वर कुणी नव्हतं.

‘‘शब्दांना काय कळतंय त्याला,’’ वैजयंता म्हणाली. ‘‘आई आली एवढं कळतं.’’

डॉक्टरांनी दोन्ही रेघा पुन्हा पहिल्यापासून बघितल्या. मग म्हणाल्या, की आपण चाळीस हजार घरं ऐकली, पण बहुतेक शहरातली, आणि माया लपवावी लागते असं घर त्यात एकही नव्हतं. बाळ नेण्याचा आदेश थांबवायला त्यांनी यंत्राला अहवाल तयार करायला लावला. वैजयंताचा जीव भांड्यात पडला. पण सरकारी कामात एक गाठ सुटली की दुसरी बसतेच. आदेश थांबवायचा तर अहवाल त्या घरी जाऊन, बाळाच्या पायात वाळा असताना, आईला जसाच्या तसा वाचून दाखवायचा. आणि आईने ‘मला हे बाळ हवं आहे’ असं तोंडाने म्हणायचं. म्हणजे पुढे कुणी म्हणू नये, की आम्हाला सांगितलंच नाही. वाचणार पालकसाथी. वाळा ऐकणार. मगच शिक्का.

तेराव्या दिवशी सकाळी वैजयंता आंबळेखिंडीला गेली. ओमकारने कामावर सुट्टी टाकली होती. हिराबाईही येऊन बसली होती. प्रांजलच्या मांडीवर दगडू, पायात करडा वाळा, नाकात बारीकसा मुरका. वैजयंताने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. भाषा यंत्राची होती, आणि यंत्राने या वेळी हात सैल सोडला होता.

‘‘सदर बाळ अत्यंत सुदृढ, तेजस्वी असून त्याची वाढ सरासरीहून सरस आहे. सदर मातेची बाळावरील माया ही संपूर्ण तालुक्यात सर्वाधिक…’’

प्रांजलने बाळाच्या अंगावर पदर ओढला, डोक्यावरून पार पायापर्यंत, जसं कुणी दगड मारतंय. शालनवैनींनी कपाळावर हात मारून घेतला.

‘‘थांबा ताई,’’ प्रांजल म्हणाली. ‘‘किती जणांनी वाचलंय हे?’’

वैजयंताला एकदम ते स्टेज आठवलं. माईक, टाळ्या, रिबिनीचं फूल. तेव्हाही आपण चांगलंच करतोय असं तिला वाटलं होतं. या पोरीने अडीच महिने स्वतःच्या डोळ्यांना आवर घातला, जिभेला चटके दिले, आणि आपण तिची सगळी लपवाछपवी उकरून काढून चारचौघांत वाचतोय, वर तिला पहिला नंबर देतोय. हा कागद वाचला तर बाळ घरी राहील. पण या बाईला इथून पुढे एक दिवससुद्धा सुखाचा जायचा नाही. बाळाला साधा ताप आला तरी ती म्हणेल, त्या दिवशी वाचलंत ना, म्हणून.

जसाच्या तसा वाचायचा, हा नियम वैजयंताला पाठ होता. खोटं वाचलं तर काय होतं हेही पाठ होतं. शिवाय बाळासमोर वाईट बोलणाऱ्या पालकसाथीला माफी नाही, हे तर तिनेच नवीन मुलींना शिकवलं होतं. तिने कागद नीट समोर धरला. घसा साफ केला.

‘‘आधीचं चुकून दुसऱ्या घराचं वाचलं,’’ ती म्हणाली. ‘‘हे तुमचं. दगडू ओमकार शिर्के. रंगाने काळा, नाकाने नकटा, रडका. बघावं असं याच्यात काही नाही. शिशुघरात याच्यापेक्षा शंभरपट बरी पोरं आहेत, तिथे याला जागा नाही. आईला याची ओढ नाही, बापाला नाही, आजीला नाही. सरकारलाही हा नको आहे. हा उकिरड्यावर सापडला, आणि परत तिथे टाकायची सोय नाही, म्हणून नाइलाजाने याच घरी ठेवावा.’’

प्रांजल तिच्याकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि तिने ते पुसलंही नाही. पदराखाली दगडू गप्प पडून होता.

वैजयंता म्हणाली, की आता तुला एक वाक्य म्हणायचंय. हे बाळ हवं की नको.

‘‘नकोच आहे,’’ प्रांजल म्हणाली. तिचा आवाज आता अजिबात सपाट नव्हता. ‘‘पण कुणीच नेत नाही म्हटल्यावर ठेवते. टाकू कुठे या मेल्याला?’’

‘संमती मिळाली’ या चौकटीत वैजयंताने बरोबरची खूण केली आणि सही ठोकली. चहा घेऊन जा, असं शालनवैनी म्हणाल्या. त्या दिवशी तिने चहा घेतला, दोन कप.

वाळ्याने अर्थातच सगळं ऐकलं होतं. आठवड्याच्या आत चौकशी लागली. तीन आरोप: अहवाल खोटा वाचला, संमती खोटी नोंदवली, बाळाविषयी अपशब्द काढले. डॉक्टर देव मंडळापुढे तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांनी त्या सकाळची बाळाची नाडी दाखवली. आई घाबरली तेव्हा ती एकशेपासष्टला गेली होती, आणि वैजयंता ते काळं-नकटं वाचत असताना एकशेअठरापर्यंत उतरली. एवढ्यावर मंडळाने मूल घरी ठेवायला मंजुरी दिली. वाटे बदलून चारांपैकी दोन बाळाच्या नाडीला द्यावेत, या डॉक्टरांच्या पत्राला ‘विचाराधीन’ असं उत्तर आलं. आणि पालकसाथींच्या यादीतून वैजयंता माने हे नाव काढून टाकलं. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, की बाई, तुमचं मन आम्हाला कळतं, पण उद्या प्रत्येक जण मनाला येईल ते वाचायला लागला, तर पुढची कविता ढोणे आम्ही कशी ओळखायची? खरं सांगायचं तर वैजयंताला ते म्हणणं पटलं होतं. तिने टॅब टेबलावर ठेवला आणि एसटीने घरी आली.

टॅब गेला तशी दगडूची खबरही गेली. शिर्क्यांकडून निरोप येणं शक्य नव्हतं. बाळ बरं आहे असं कुणी आपण होऊन सांगत नाही, आणि या घरात तर नाहीच. वैजयंता घरी बसून भाजी निवडायची आणि मनातल्या मनात दिवस मोजायची. तीन महिने. साडेतीन. चार. चार महिने अकरा दिवस झाले त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. आंबळेखिंडीकडून कुणी बाजाराला आलेलं दिसलं की ती रस्ता ओलांडायची, कारण विचारायचं धाडस व्हायचं नाही. आणखी एक आठवडा तिने कसाबसा काढला. मग सकाळी उठली, चपला घातल्या आणि निघाली. आता तिथे जायचा तिला कसलाच हक्क नव्हता. तरी गेली.

शालनवैनी अंगणात शेंगा वाळत घालत होत्या. वैजयंताला बघून त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. वैजयंताने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. तिला तेवढा दम नव्हता.

‘‘हाय का?’’ तिने विचारलं.

‘‘हाय की,’’ शालनवैनी म्हणाल्या. ‘‘मरतंय कुठं ते.’’

वैजयंता तिथेच पायरीवर बसली. चिवट दिसतंय कार्टं, असं काहीतरी म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तिला रडूच फुटलं. शालनवैनींनी तिला रडू दिलं. आत प्रांजल कुणाला तरी ‘मेल्या, मुडद्या, काळतोंड्या’ म्हणून झाडत होती, आणि दर शिवीला कुणीतरी खदखदून हसत होतं.